मातृसेविका कै. कमलाताई होस्पेट

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याचे प्रमाण विचारा, तोंडी सांगेन. पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. तरी गेल्या श्रावणात आमच्या घरी असे काही घडले की तेव्हापासून एका बाईंचे नाव मनातून जात नाही. त्यांना वारून चाळीस वर्षे उलटली. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. पण त्यांची हकीगत आपल्या मंडळातल्या बायकांना ठाऊक असावी असे फार वाटू लागले, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना नुकता लागला होता. एका संध्याकाळी तिचे पाणी जाऊ लागले, आणि बाहेर पाऊस तर असा की अंगणातली तुळस दिसेना. एकशे आठची गाडी बोलावली. दारव्ह्याहून यवतमाळचा रस्ता कसा कापला ते देवाला ठाऊक. मोठ्या सरकारी दवाखान्यात पहाटेच्या आत नात झाली. वजन १४०० ग्रॅम! बाजारातला बरा भोपळा याहून जड भरतो. मी तिला क्षणभरच पाहिले. बोटे काडेपेटीतल्या काड्यांसारखी, कातडी सैल, आणि रडणे मांजराच्या पिलाचे. मग तिला अतिदक्षता कक्षात नेले आणि दार लागले.

बावीस दिवस आम्ही त्या दाराशी काढले. मुलीला दुधासाठी आत घेत, पुढे पुढे मलाही हात कोपरापर्यंत धुऊन, चपला बाहेर ठेवून, आतले सदरे घालून थोडा वेळ जाऊ देत. यंत्रे पुष्कळ होती. वरून ऊब देणारा वॉर्मर होता, पायाला लाल दिव्याची चिमटी लावलेली होती, पडद्यावर आकडे पळत होते. पण माझे लक्ष त्या नर्सबाईंकडेच लागले. एकेक पंचवीस-तीस वर्षांची पोर. दर दोन तासांनी मुलीने वाटीत काढून दिलेले दूध मोजून, नाकातल्या दोऱ्याएवढ्या नळीतून थेंब थेंब आत सोडायचे. लंगोट वजन करून पाहायचा. बाळाची कूस बदलायची, पण एवढ्या हलक्या हाताने की ते दचकू नये. अपुऱ्या दिवसांचे बाळ मधूनच श्वास घ्यायचेच विसरते, हे मला त्या दिवसांतच कळले. असे झाले की सिस्टर पटकन तळपायाला बोटाने टिचकी देई, पाठीवर हात फिरवी, आणि बाळाला जणू आठवण होऊन ते पुन्हा श्वास घेऊ लागे. एका रात्री असे चार वेळा झाले. चारही वेळा ती मुलगी तिथे होती.

सहाव्या रात्री तिला बाळाचे पोट किंचित फुगल्यासारखे वाटले. पडद्यावरचे आकडे तेव्हा ठीक होते. तरी तिने दूध थांबवले आणि डॉक्टरांना उठवले. रक्तात जंतू शिरू लागले होते. औषध वेळेवर सुरू झाले. डॉक्टर पुढे म्हणाले की सकाळपर्यंत थांबलो असतो तर कठीण होते.

नातीला पाहायला नागपूरहून माझी मावशी आली. तिची तिन्ही बाळंतपणे नागपूरला बर्डीच्या मातृसेवा संघात झालेली. दवाखान्याच्या ओट्यावर डबा खाताना तिने मला विचारले की विदर्भात आपल्या बायकांसाठी हे काम पहिल्याने कोणी उभे केले ते तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हते. तिने कमलाताई होस्पेट हे नाव सांगितले. घरी आल्यावर मी वाचनालयातून मिळेल ते आणून वाचले, मावशीलाही पुन:पुन्हा विचारले. आता ते सांगते.

कमलाताईंचा जन्म २२ मे १८९६ रोजी खानदेशातील शिरपूर येथे झाला. माहेरचे नाव यमुना. त्याच १८९६ साली पुण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला होता. म्हणजे ज्या दु:खात या मुलीला पुढे पडायचे होते त्यावरचा एक उपाय तिच्या जन्मवर्षीच कुठेतरी सुरू झाला होता. पण शिरपूर कुठे आणि पुणे कुठे! बाराव्या वर्षी यमुनेचे लग्न गुरुराव होस्पेट यांच्याशी झाले. त्या वयात आज आपल्या मुली सहावी-सातवीत असतात आणि वेणी आईकडून घालून घेतात. थोड्याच वर्षांत गुरुराव वारले. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तो आटोपला.

त्या काळी पांढरपेशा घरातल्या बालविधवेचे आयुष्य कसे जाई ते आपल्या आज्यांकडून आपण ऐकले आहे. दळण, कांडण, दुसऱ्यांची मुले, स्वयंपाकघराचा कोपरा, आणि शुभकार्यात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मागचे दार. त्यातल्या ज्या थोड्या बाहेर पडल्या त्या बहुधा शिक्षिका झाल्या. शिक्षिका होणे तेव्हाही लोकांना कसेबसे चालत असे. कमलाताईंनी जो मार्ग घेतला तो फार कमी जणींनी घेतला होता. नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात त्या नर्सिंग शिकायला गेल्या.

यात एवढे मोठे ते काय, असे आजच्या मुलींना वाटेल. म्हणून त्या वेळची बाळंतिणीची खोली कशी होती ते सांगायला हवे. घरातली सर्वांत अंधारी, सर्वांत जुनी खोली तिला देत. खिडकी असली तर ती चिंध्यांनी बुजवत, वारा लागू नये म्हणून. आत शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी, फाटके गोधडे. कारण विटाळाचे म्हणून ते नंतर टाकूनच द्यायचे असे. सुईण येई. तिच्या हाताला अनुभव पुष्कळ असे, एकेकीने दोनशे बाळे झेललेली असत. पण ते काम विटाळाचे, आणि करणारीही विटाळाची, म्हणून तिला कोणी मान दिला नाही की काही शिकवले नाही. बाळंतीण आणि बाळ दोघेही तिच्या भरवशावर सोपवायचे आणि तिच्या हाताचे पाणी मात्र प्यायचे नाही, असा तो न्याय! नाळ घरातल्या विळीने, विळ्याने, जे सापडेल त्याने कापली जाई. वर राख, कधी शेण. आईचा पहिला चीक वाईट समजून पिळून टाकत, आणि बाळाला तीन दिवस गुळाच्या पाण्याचा बोळा चोखवत.

मग पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येई. आपण सगळ्या ती पूजा करतो, मीही केली आहे, आणि तिची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण नर्सिंगच्या पुस्तकात मी जे वाचले त्याने माझ्या अंगावर काटा आला. घाणेरड्या हत्याराने नाळ कापली की धनुर्वाताचे विष बाळाच्या अंगात भिनते आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून पुढच्या आठवडाभरात ते प्रकट होते. बाळ स्तन तोंडात धरेनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते. म्हणजे ज्या रात्री आपल्या आज्या, पणज्या दिवा लावून जागत बसत, नेमकी तीच ती रात्र. त्यांना दिवस बरोबर ठाऊक होता. कारण तेवढे ठाऊक नव्हते, आणि सांगणारे कोणी त्या खोलीत शिरत नव्हते. १९११ ते १९२० या दहा वर्षांत या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांतली सुमारे दोनशे पहिला वाढदिवस पाहत नसत. हजारातली दोनशे म्हणजे ज्या घरात पाच मुले जन्मली त्या घरातले एक. (२०२० च्या सरकारी मोजणीत महाराष्ट्रात हा आकडा १६ वर आला होता. आणि नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटला असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले.)

लाटसाहेबांची पत्नी लेडी डफरिन हिच्या नावाने १८८५ पासून एक फंड होता, आणि त्यातून गावोगाव बायकांची इस्पितळे निघाली होती. परपुरुष डॉक्टरला बायका अंगाला हात लावू देत नसत, म्हणून बायकांसाठी बायकांनी चालवलेली ही व्यवस्था. नागपूरचे डफरिन त्यातलेच. पण इस्पितळ काढून थोडेच भागते? आपल्या घरच्या बायका तिथे जायला तयार नसत. कुणाचा हात लागेल, कुणाच्या हातचे खावे लागेल, घरची माणसे काय म्हणतील, ही भीती. बाळंतपणाला घराबाहेर जाणे म्हणजे घरात कोणी करणारे नाही असे चारचौघांत कबूल करणे. आणि नर्स म्हणून तिथे राबणे तर त्याहून वाईट. मळमूत्र काढायचे, रात्री-अपरात्री घराबाहेर राहायचे, असल्या कामाला कुलीन घरातली मुलगी जाते म्हणजे काय!

पुण्यात रमाबाई रानड्यांना सेवासदनातर्फे नर्सिंगचे शिक्षण सुरू करताना हाच विरोध सहन करावा लागला होता. त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानड्यांचे नाव तरी होते. नागपूरच्या या विधवा मुलीमागे कोणाचे नाव होते?

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेची मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला जाते म्हणाली. नणंद अर्धी तयार होती. मोडता घातला तो मी. रात्रपाळीची मुलगी कोण करून घेणार, दुसऱ्यांची घाण काढायला का शिकवले तिला, असे मी भर स्वयंपाकघरात बोलले. नणंदबाई माझे ऐकतात. मुलगी गप्प झाली आणि बी.ए.ला गेली. शंभर वर्षांपूर्वी नागपूरचे लोक जे बोलले असतील तेच शब्द, आणि बोलणारी मी. सहाव्या रात्री त्या सिस्टरने नातीच्या पोटावर हात ठेवला तेव्हा मला माझेच बोलणे ऐकू आले.

असो. कमलाताईंचे शिक्षण १९२० च्या सुमारास पुरे झाले. तो काळ डोळ्यांसमोर आणा. मानमोडीची साथ नुकतीच येऊन गेलेली. १९१८ च्या त्या तापाने आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात इतकी माणसे नेली की देशात फार थोड्या मुलखांत तेवढी गेली असतील. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव झाला. सगळे शहर पेटलेले. अशा वेळी सरकारी इस्पितळातली पगाराची नोकरी धरून राहणे कमलाताईंना सहज जमले असते. त्यांनी ती वाट धरली नाही. १९२१ साली वेणूताई नेने या मैत्रिणीला बरोबर घेऊन त्यांनी नागपुरात सीताबर्डीवर एक लहानसे सूतिकागृह उघडले. त्यात खाटा किती? चार. तोच मातृसेवा संघ.

चार खाटा हे वाचून मला प्रथम हसू आले, मग हसू गेले. आपण मंडळ सुरू केले तेव्हा सतरंजीसाठी वर्गणी जमवताना काय यातायात झाली ते आठवा. इथे तर दोन बाया, त्यांतली एक विधवा, आणि गिऱ्हाईक कोण, तर ज्या घराबाहेर पडायलाच तयार नाहीत अशा बायका. पण त्या चार खाटांत एक गोष्ट होती जी मोठ्या इस्पितळात नव्हती. तिथे आपल्यासारखीच बाई होती. लुगडे नेसणारी, आपल्या भाषेत बोलणारी, बाळंतिणीला काय पथ्य लागते, ती कशाला लाजते, सासूला काय सांगून समजवावे लागते हे जाणणारी. घराची रीत सोडायची नाही आणि इस्पितळाची स्वच्छताही सोडायची नाही, असा तो मेळ होता. माझ्या समजुतीप्रमाणे कमलाताईंचे खरे काम हेच. औषधे तर डफरिनमध्येही होती.

त्या पिढीच्या नर्सेस नवजात बाळाचे काय काय करीत हे मला मुद्दाम जाणून घ्यायचे होते, कारण तेव्हा आमच्या नातीजवळ होते त्यातले एकही यंत्र नव्हते. जे कळले ते असे. कात्री आणि नाळ बांधायचा दोरा उकळून घ्यायचा. नाळेवर काहीही लावायचे नाही, ती कोरडी ठेवायची. डोळ्यांत औषधाचा थेंब, कारण आईकडून लागलेल्या रोगाने कित्येक बाळे जन्मानंतर आंधळी होत. वजन करून लिहून ठेवायचे. आणि ऊब. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्वच्छ कापसात गुंडाळत, वर फ्लॅनेल, आणि दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या कापडात बांधून ठेवत. बाटली गार झाली की बदलायची, फार गरम असली तर पोर भाजायचे. म्हणून रात्रभर कोणीतरी हात लावून पाहत बसलेच पाहिजे. आपला जिल्हा कापसाचा. घरोघरी कापसाचे ढीग लागत, आणि त्याच घरांत थंडीने बाळे जात. कापूस होता, तो असा वापरायचा हे सांगणारी बाई नव्हती.

दूध ओढायची ताकद नसलेल्या बाळाला आईचेच दूध काढून पळीने किंवा ड्रॉपरने थेंब थेंब पाजत. आता नळी आली, पण दूध तेच आणि वाटीही तीच. चीक टाकू नये, तो बाळाचे पहिले औषध आहे, हे आज आशाताई घरोघर सांगतात.

हे ज्ञान मूळचे आले कुठून, तेही थोडे सांगते. पॅरिसच्या तार्निए नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि १८८० च्या सुमारास तशी पेटी अशक्त बाळांसाठी करवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळ. आणि त्याच इस्पितळात १८९३ साली अशा बाळांसाठी वेगळा विभाग काढला तो तिथल्या मुख्य सुईणीने, मादाम आन्री यांनी. पेटी डॉक्टरने आणली, पण पेटीतले बाळ सांभाळायची व्यवस्था सुईणीनेच लावली.

दुसरी गोष्ट आमच्या नातीच्या निळ्या दिव्याची. चौथ्या दिवशी तिला कावीळ दिसली आणि डोळ्यांना पट्टी बांधून तिला निळ्या दिव्याखाली ठेवले. हा दिवा काय आहे म्हणून मी विचारले. तो शोध एका नर्सच्या नजरेतून लागला आहे. इंग्लंडात रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या बाई नाजूक बाळांना ऊन असेल तेव्हा अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. सगळे अंग उजळलेले, फक्त चादरीचे टोक जिथे पडले होते तेवढा तुकडा पिवळा राहिलेला. उन्हाने कावीळ उतरते हे त्यावरून कळले आणि मग डॉक्टरांनी दिवा तयार केला. आपणही बाळाला कोवळ्या उन्हात धरतो, पण पिवळा तुकडा बघायची नजर शिकावी लागते. (म्हणून कोणी कावीळ झालेले पोर घेऊन उन्हात बसू नये. दवाखान्यातच न्यावे. तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला तर एक तासही थांबू नये.)

आता पुन्हा कमलाताईंकडे वळते. चार खाटांचे काम वाढत गेले. शिकलेल्या परिचारिका पुरेशा मिळेनात, म्हणून संघाने मुली शिकवायचे काम हाती घेतले. विधवा, टाकलेल्या, घरात ओझे झालेल्या अशा मुलींना त्यात पोटापाण्याचे आणि मानाचे काम मिळाले. विदर्भात आणि पुढे ज्याला मध्यप्रदेश म्हणू लागले त्या भागातही संघाच्या शाखा निघाल्या. एक लक्षात ठेवले पाहिजे की १९५६ पर्यंत आपले नागपूर आणि यवतमाळ महाराष्ट्रात नव्हतेच; नागपूर ही त्या जुन्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे हे काम मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांत पसरले. यवतमाळच्या बाईला नागपूर गाठायचे तर धामणगावपर्यंत जाऊन मोठी गाडी धरायची. अडलेली बाळंतीण तो प्रवास कसा करणार? म्हणून काम गावांकडे नेले पाहिजे हे त्यांना कळले होते.

काम नुसते बाळंतपणापुरते राहिले नाही. १९५८ साली संघाने नागपुरात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. मतिमंद मुलांसाठी नंदनवन ही शाळा आणि वृद्धांसाठी पंचवटी हा आश्रम, हीही संघाचीच कामे. जन्माला येणाऱ्यापासून जायला निघालेल्यापर्यंत सगळ्यांची सोय एका संस्थेने पाहावी, हे मला आपल्या घरातल्या थोरल्या जावेसारखे वाटते. तिलाही पाळणा आणि खाट दोन्ही सांभाळावे लागतात, आणि तिचे नाव पत्रिकेत शेवटी येते.

१९६१ साली सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. १९८० साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. १५ नोव्हेंबर १९८१ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या. स्वत:चे मूल नाही. पण त्यांच्या संस्थेत पहिला श्वास घेतलेली माणसे किती असतील याचा हिशेब कोण ठेवणार? माझी तिन्ही मावसभावंडे त्यातलीच.

मावशी म्हणते की १९७५ च्या आसपास ती बाळंतपणाला गेली तेव्हा तिथे सर्वांत जास्त लक्षात राहिली ती फरशी. सारखी पुसलेली, ओलसर, फिनेलच्या वासाची. घरी शेणाने सारवलेल्या खोलीतून गेलेल्या माझ्या मावशीला तो वास अजून बाळंतपणाचा वाटतो. कुठे फिनेलचा वास आला की तिला दूध आल्यासारखे होई, असे ती हसून सांगते.

आमच्या नातीचे वजन बावीस दिवसांत १८०० वर आले. शेवटचे आठ-दहा दिवस तिला पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर, वर पदर बांधून, तासनतास ठेवत असत. कांगारू म्हणतात त्या पद्धतीला. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास पेट्या पुरेनात म्हणून एका डॉक्टरांनी बाळे आयांच्या अंगाशी बांधली, आणि ती पेटीतल्यांइतकीच तगली. मुलीला हात मोकळे करायला उठावे लागे तेव्हा सिस्टरने बाळ माझ्या छातीशी बांधले. आजी चालते, बाबाही चालतो, असे ती म्हणाली. माझ्या पोलक्याच्या आत एवढेसे गरम काहीतरी धडधडत होते. मी तीन मुले वाढवली, पण इतकी स्तब्ध कधी बसले नव्हते. श्वास विसरली तर टिचकी कशी द्यायची ते तिने मला आधी शिकवले होते. माझी नजर दोन तास त्या तळपायावरून हलली नाही.

घरी पाठवताना त्यांनी पाच-सहा गोष्टी पुन:पुन्हा बजावल्या. महिनाभर आंघोळ नको, ओल्या कपड्याने पुसा. टोपडे, मोजे काढू नका. पाहुण्यांचे पापे नकोत. हात धुतल्याशिवाय कोणी उचलायचे नाही, मग ती आत्या असो की सासू. अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नाही, घुटीही नाही. आणि बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार लागले किंवा छाती आत ओढू लागले तर लगेच यायचे, उद्यावर टाकायचे नाही. बारशाला आम्ही मोजून सात माणसे होतो. त्यावरून भावकीत रुसवे झाले ते झाले.

दिवाळीत नणंदबाई मुलीला घेऊन आल्या. मी त्या मुलीला बाजूला बोलावून कमलाताईंची सगळी हकीगत सांगितली, आणि तीन वर्षांपूर्वी जे बोलले त्याबद्दल माफी मागितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आत जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि मग नातीला उचलले. या जूनमध्ये तिने नर्सिंगचा फॉर्म भरला आहे. बी.ए.ची वर्षे गेली ती गेली, पण वय बसते म्हणतात. यादी अजून लागायची आहे. नागपूरला जावे लागले तर तिच्याबरोबर मी जाणार आहे, आणि बर्डीला मावशीकडे उतरणार आहे.